फेसाची उस्तवार

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या कपड्यांना दारूसारखा वास येत होता.

“ताई, लग्न मोडता मोडता वाचलं बघ.”

“का गं?”

“होणाऱ्या सासूबाईंना वाटलं, मी पिते.”

“मग सांगायचंस, आमच्या कारखान्यात पेंढ्यापासून गाडीचं इंधन करतात म्हणून.”

“सांगितलं. म्हणाल्या, ‘पेंढा गाय खाते, गाडी नाही.’ शेवटी त्यांना कारखान्यातच नेलं.”

“अगं बाई! मग?”

“टाकीच्या काचेतून फेस दाखवला. म्हटलं, पेंढा शिजवून त्यातली साखर मोकळी करतो. ती यीस्ट खातं आणि अल्कोहोल सोडतं. तेच गाळून गाडीत जातं.”

“पटलं?”

“कुठलं! त्यांनी विचारलं, ‘टाकीवर गार पाणी कशाला फिरवता?’ म्हटलं, आत जीव आहेत, उकाड्यानं मरतात बिचारे. त्यांचं खाणंपिणं, ताप, सगळं मलाच बघावं लागतं.”

“मग काय म्हणाल्या?”

“तिथूनच लेकाला फोन लावला. म्हणाल्या, ‘अरे, ही कोट्यवधी जिवांची उस्तवार करते, तीही न वैतागता. तुझ्या एकट्याची काय कथा! लग्नाची तारीख काढ, तिचा विचार बदलायच्या आत.’”