कंपनी व्याली

हसू नका, पण एके काळी मी खनिज शोधणाऱ्या कंपनीचा मालक होतो! कारेगावची नोकरी सोडून मी आणि माझा दोस्त सलीम, आम्ही दोघांनी ती काढली. खडकातल्या स्फटिकांना परदेशात गिऱ्हाईक होतं. पण ते शोधायला बोअर घ्यायचा तर भांडवल कुठं होतं? म्हणून वरवंडच्या आप्पांना गाठलं. स्फटिक मिळतील असं वाटत होतं तो माळ त्यांचाच, आणि मेंढरं विकून हातात पैसाही आलेला.

सलीम त्यांना तासभर शेअर समजावत होता. शेवटी आप्पाच म्हणाले, "म्हंजी अर्धलीनंच की! जनावर माझं, सांभाळायचं तुम्ही, पिल्लू झालं की निम्मं-निम्मं."

"व्हय आप्पा, अगदी तसंच!" सलीम म्हणाला.

मशीन दोनशे फूट खाली गेलं, तरी नुसती धूळ. आणि एकदम फस्सकन पाण्याचा फवारा उडाला, पुरुषभर उंच! सलीमनं कपाळाला हात लावला. आप्पा मात्र पटका उडवत नाचायला लागले, "व्याली रं, कंपनी व्याली!"

मग निथळत आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "ठरल्यापरमानं निम्मं पाणी तुमचं. कशात नेताय?"