कच्च्या सिमेंटवरची कॅप

(लष्करी विमानतळावरच्या हँगरला लागून असलेली विश्रांतीची खोली. दुपार. दोघे मेकॅनिक नात्याने साडू: थोरला एअरफ्रेमचा, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा; धाकटा इंजिनाचा.)

धाकटा – साडूभाऊ, ते टेबल जरा उचला ना.

थोरला – परत?

धाकटा – एकदाच. पायाखाली बघतो.

थोरला – आत्ताच तर उचललं होतं. काय निघालं? पावाचा चुरा आणि एका पेनचं टोपण. दात नाही निघाला.

धाकटा – दात नाही हो. दातावरची कॅप.

थोरला – तेच ते. आणि हळू बोल, पलीकडे सगळे जेवायला बसलेत. आता नीट आठव. चहा घेतलास तेव्हा होती का तोंडात?

धाकटा – पहिला घोट घेतला आणि दाढेतून अशी कळ गेली, पार डोक्यापर्यंत. जीभ लावून बघतो तर नुसता खुंट. म्हणजे त्याआधीच गेलेली.

थोरला – त्याआधी पाव खाल्लास.

धाकटा – खाल्ला.

थोरला – कडक होता. मी तर अर्धा टाकून दिला. झालं तर मग, पावाबरोबर पोटात गेली. सुखरूप आहे ती. येईल बाहेर उद्या-परवा, तू स्वागताला उभा राहा.

धाकटा – तुम्हाला थट्टा सुचतेय.

थोरला – थट्टा नको करू तर काय करू? थोड्या वेळात विमान धावपट्टीवर जायचंय, संध्याकाळी मला बस पकडायचीय, आणि तू मघापासून जमीन हुंगत फिरतोयस. बस खाली. आणि पाय हलवू नकोस, सगळं बाकडं हलतंय.

धाकटा – पावाच्या आधी मी इनटेकमध्ये होतो.

थोरला – मला सांगतोस? त्या हवेच्या बोगद्याच्या तोंडाशी मीच उभा होतो. बूट काढायला लावले. खिसे उलटे केले. अंगठी, घड्याळ, पट्टा, सगळं डब्यात ठेवलं. आत काय गेलं? तू, टॉर्च आणि एक फडकं. बाहेर काय आलं? तू, टॉर्च आणि फडकं. जेवढं गेलं तेवढं आलं.

धाकटा – तोंडात कुठे बघितलंत?

थोरला – तोंडात कोण बघतं? तू काय बाजारातला बैल आहेस, दात मोजून आत सोडायला?

धाकटा – एक सांगू? ओरडू नका.

थोरला – म्हणजे ओरडण्यासारखंच आहे. सांग.

धाकटा – टॉर्च मी दातात धरला होता.

थोरला – मनगटाला बांधलेला टॉर्च?

धाकटा – दोरी लांब असते हो. पालथं पडून एका हाताने पंखा फिरवायचा आणि दुसऱ्याने एकेक पातं चाचपायचं. टॉर्चला तिसरा हात कुठून आणू? धरला दातात. सगळेच धरतात.

थोरला – मी नाही धरत.

धाकटा – तुम्हाला पात्यांपर्यंत जावं लागत नाही. तुम्ही पत्रेवाले बाहेरून टकटक करता आणि हात झटकता.

थोरला – आणि तुम्ही काजळीवाले तोंडात टॉर्च धरून आत शिरता. तेही कच्च्या सिमेंटवर बसवलेली कॅप घेऊन. डॉक्टर काय म्हणाले होते तुला?

धाकटा – आठवड्याने या, पक्की बसवून देतो.

थोरला – गेलास?

धाकटा – युद्धसराव सुरू झाला. सोडतंय कोण?

थोरला – तुझी बायको माझ्या बायकोला रोज फोनवर सांगते, हे दाताला जात नाहीत, हे दाताला जात नाहीत. मला वाटायचं, या बहिणींना बोलायला दुसरा विषयच नाही.

धाकटा – साडूभाऊ, टॉर्च तोंडातून काढला ना, तेव्हा काहीतरी टक् झालं होतं.

थोरला – कसलं टक्?

धाकटा – तेच आठवतोय. टॉर्च पत्र्याला लागला असेल.

थोरला – मग त्याचंच.

धाकटा – असेल.

थोरला – असेल काय, आहे.

धाकटा – आणि नसलं तर? धातूची आहे ती. नखाएवढीच, पण पूर्ण जोर दिला की पंखा ओढून घेणार तिला. एका पात्याचा टवका उडाला की तो पुढच्या पात्यांवर. आणि जोर कधी देतात? चाकं जमीन सोडताना. तेव्हा पायलटला करण्यासारखं फार काही उरत नाही.

थोरला – मला शिकवू नकोस. तुझ्या आधीपासून आहे मी इथे.

धाकटा – सांगून टाकू या का?

थोरला – सांगितल्यावर काय होईल ते आधी बोल.

धाकटा – विमान उभं राहील.

थोरला – पुढे?

धाकटा – बोगदा पुन्हा बघावा लागेल. तो इंजिनाला जिथे जुळतो तिथलं रबर काढावं लागेल. बारीकसारीक तिथेच जाऊन बसतं.

थोरला – ते रबर कोण काढतं?

धाकटा – एअरफ्रेमवाले.

थोरला – म्हणजे मी. तिथे नाही मिळालं तर?

धाकटा – इंजिन उतरवायचं.

थोरला – ते तू. म्हणजे उद्याही आपण इथेच, कदाचित परवाही. आणि सरावाच्या दिवसांत विमान उभं राहिलं की सगळ्यात आधी काय जातं?

धाकटा – सुट्टी.

थोरला – आता कसं बरोबर बोललास.

धाकटा – नात कशी आहे?

थोरला – आज काचेच्या पेटीतून बाहेर काढली. घरी न्या म्हणाले. लेक एकटी आहे रे तिथे. जावई बोटीवर, घरी बायकोचा पाय प्लास्टरमध्ये, नाहीतर तीच गेली असती. दोनदा सुट्टी मागितली, दोनदा नाही म्हणाले; आता कुठे मिळालीय. परवा लेक म्हणते, बाबा, आमच्यापेक्षा तुमची विमानंच तुम्हाला जवळची. नातीला अजून बघितलं नाही मी. फोटो बघितलाय, त्यात नळ्याच जास्त.

धाकटा – मी तोंड उघडलं तर तुमची सुट्टी जाणार.

थोरला – जाणार.

धाकटा – आणि नाही उघडलं तर?

थोरला – तर काही होणार नाही. कारण कॅप तुझ्या पोटात आहे.

धाकटा – माझ्याकडे बघून म्हणा.

थोरला – बघून कशाला? पोटात आहे म्हटलं ना.

धाकटा – बरं. गप्प बसतो. तुमच्यासाठी.

थोरला – माझ्या डोक्यावर खापर नको. तोंड तुझं, कॅप तुझी.

धाकटा – मग तुम्हीच सांगा ना स्पष्ट, बोलू की नको?

थोरला – नको बोलू. झालं समाधान? नको बोलू. आता पायलट मॅडम येतील. आपण दोघांनी ‘दिलं’ म्हटल्याशिवाय त्या शिडीला हात लावत नाहीत. तू ‘दिलं’ म्हण, मी म्हणतो, आणि मी माझी बॅग उचलतो.

धाकटा – आणि त्या वर गेल्यावर मी काय करू?

थोरला – प्रश्न विचारू नकोस रे. ऊठ, आल्याच त्या. तोंड पूस. चेहरा असा सुतकी ठेवू नकोस.

पायलट – इथे आहात होय दोघे. मी तुम्हाला विमानाभोवती शोधतेय. काय साडूमंडळ, द्यायचंय ना आज विमान?

थोरला – येतच होतो, मॅडम.

पायलट – इंजिन?

धाकटा – इंजिन दिलं.

पायलट – आवाज का असा?

धाकटा – दाढ दुखतेय जरा.

पायलट – दाखवून घ्या. दुखणं अंगावर काढू नका. एअरफ्रेम?

थोरला – हो. म्हणजे, सांगतो, मॅडम.

पायलट – सांगा सावकाश. तुमची सुट्टी आजपासून ना? ऑफिसात कळलं मला. नात घरी आली म्हणे.

थोरला – आज येतेय.

पायलट – मग एक करा. आज मी उतरेपर्यंत थांबू नका.

थोरला – छे, थांबतो की. दिलेलं विमान परत येईपर्यंत जागचं हलायचं नाही, आपल्याकडे तशीच रीत आहे.

पायलट – रीत माहीत आहे मला. खरं सांगू, उतरताना तुम्ही कडेला उभे दिसता ना, त्याची सवयच झालीय. पण आज नको. मला उशीर झाला तर तुमची बस जायची. मी वर गेले की तुम्हीही निघा. माझी वाट बघू नका.

थोरला – वाट बघू नको म्हणता.

पायलट – मग काय. उतरेन मी माझी. एअरफ्रेम दिली ना?

थोरला – नाही, मॅडम.

पायलट – नाही?

थोरला – नाही देत मी विमान.

धाकटा – साडूभाऊ.

थोरला – तू गप्प. मॅडम, याच्या दातावरची कॅप पडलीय. कुठे ते कळत नाही. पोटात असेल, नाहीतर इनटेकमध्ये असेल. आत जाताना याने टॉर्च दातात धरला होता.

पायलट – मी हसू की काय करू?

थोरला – हसा. पण जमिनीवर राहून हसा.

पायलट – हे कधी लक्षात आलं तुमच्या?

थोरला – चहाच्या वेळी.

पायलट – म्हणजे आत्ता ‘इंजिन दिलं’ म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

धाकटा – होतं, मॅडम.

थोरला – मी गप्प केलं होतं त्याला. माझ्या सुट्टीपायी. तो सांगू या म्हणत होता.

पायलट – तुम्ही गप्प केलंत.

थोरला – मीच.

पायलट – यावर मी नंतर बोलेन, आणि दोघांशी बोलेन. आत्ता विमान उभं. मी वर कळवते. तुमची सुट्टी मात्र मला वाचवता येणार नाही.

थोरला – वाचवा असं मी कुठे म्हटलं, मॅडम.

पायलट – काढा शोधून ती कॅप. मी येतेच परत.

धाकटा – गेल्या. आता पुढे काय, साडूभाऊ?

थोरला – काय म्हणजे, शोधायची. आत मी शिरतो.

धाकटा – मी जातो ना आत. माझीच चूक आहे.

थोरला – तू नको. तू एकदा बघून आलास, आता दुसरे डोळे हवेत. तू तोंडाशी उभा राहा, टॉर्च नीट बांधून दे आणि मला नीट तपासून सोड. त्या रबराच्या घडीत बोट घालून बघतो आधी.

धाकटा – मला वाटलं तुम्ही ‘दिली’ म्हणणार.

थोरला – मलाही तसंच वाटलं होतं. जिभेवर आलं होतं. पण बसमध्ये बसून मी काय बघत बसलो असतो, खिडकीतून आभाळ? आणि लेकीच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो?

धाकटा – ती माझ्यावर चिडेल.

थोरला – चिडू दे. काका आहेस तिचा, तेवढं सोस. फोन दे इकडे, बूट काढता काढता बोलून घेतो.

धाकटा – घ्या. लागलाय.

थोरला – हॅलो. हो, मीच. आज निघत नाही गं मी… हो, परत तेच… विमानच… बोल, काय बोलायचं ते बोल, ऐकतोय मी… नाही, मी कुठे म्हणतोय तू चुकतेस… काका बरा आहे, त्याचा दात पडलाय… अगं ते नंतर सांगतो. बाळ काय करतंय?… झोपलंय? श्वास नीट चाललाय ना?… आता नळ्या नाहीत, म्हणून तर विचारतोय… दारातून नको, जवळ जाऊन बघ. छातीवर हात ठेवून बघ… जा तू, मी थांबलोय.