आमराईचा राखणदार

माणूस एकदा तुरुंगात जाऊन आला, की जन्माचा चोर होतो का हो? नुसती मान हलवू नका, तोंडानं बोला! — नाही म्हणताय? बरं. मग ऐका मंडळी!

आमच्या निमखेड्याला देवस्थानची आमराई होती. काय सांगू तुम्हाला! भर चैत्रात आत शिरलं की अंग गार. शेप्या आंबा, खोबऱ्या आंबा, गोटी आंबा! कीर्तनसुद्धा तिथंच, पाचोळ्यावर बसून. आज तिथं प्लॉट पडलेत. जाऊ द्या, आठवलं की जीव तुटतो.

तर या आमराईला राखणदार हवा होता. पारावर पंच बसले. पद्धत अशी — येईल त्याला पहिला प्रश्न, "तुरुंगात गेला होतास का?" हो म्हणाला, की ऊठ! पुढचं विचारायचंच नाही.

त्या दिवशी माळावरच्या पारधी वस्तीतला सुरमल आला. मागं बायको, तिच्या कडेवर पोर. राखणदाराला आमराईत राहायला खोप मिळायची. सुरमलला ती खोप हवी होती. पोरीला एका गावात ठेवून शाळेत घालायचं, एवढंच त्याच्या मनात! नाहीतर आज इथं पाल ठोकायचं, उद्या तिथं.

"तुरुंगात गेला होतास?"

बिचाऱ्याच्या मनात आलं, खोटं बोलावं? पण बोलला, "व्हय. दोनदा."

संपलं! एका पंचानं हात केला — ऊठ! पण पंचांतल्या रंगनाथअण्णांना एक खोड होती. गोष्ट अर्धी राहिली की त्यांना जेवण जायचं नाही! ते म्हणाले, "कशापायी रे?"

बघा! हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"पयल्यांदा कणसं चोरली, अण्णा. खरंच चोरली. लगीन व्हायच्या आधी. घरात चूल पेटली नव्हती."

"आणि दुसऱ्यांदा?"

सुरमल खाली बघून म्हणाला, "तुमच्या देवळाची घंटा गेली म्हून नेलं."

पंचांच्या माना खाली! का? अहो, ती चोरीला गेलीच नव्हती! पुजाऱ्यानं घासायला काढून विहिरीच्या काठावर ठेवली, ती आत पडली. गाळ काढताना सापडली. गावानं वाजतगाजत टांगली, पेढे वाटले! आणि ठाण्यात सांगायचं? — हा म्हणाला तो सांगेल, तो म्हणाला हा सांगेल! रोज आरतीला घंटा वाजत होती, आणि तिच्या चोरीपायी हा आत बसला होता!

सुरमलला वाटलं, आता गाव चिडणार. पोरीला उचलून तो निघाला. तर अण्णा पारावरून उतरून त्याच्या वाटेत उभे! डोळ्यांत पाणी. म्हणाले, "कणसांची शिक्षा तू भोगलीस. घंटेची आमची होती, तीही तूच भोगलीस. आजच राहायला ये."

त्या दिवसापासून पंच प्रत्येकाला पुढचंही विचारू लागले — काय केलंस, कधी केलंस, आणि या कामाशी त्याचं काय? सुरमलची पोर आंब्याखाली पाढे म्हणायची. आम्ही ऐकलेत हो! कसे दिवस होते ते!

आता वळतो तुमच्याकडे. हसू नका! सोसायटीला वॉचमन हवा, तुम्ही पोलिसांचा दाखला मागता. मागा! पण त्यावर काही दिसलं, तर दार लावू नका, विचारा. आणि मागं घरातलं कानातलं हरवलं, कामवालीवर आळ घेतलात, तिला काढलंत. मग ते गादीखाली सापडलं. खरं सांगा — तिच्या दारात जाऊन सांगितलंत का?