पाखरीची जात

सुभेदार : तेव्हा कुत्री तुमची, हे मला कबूल आहे, बयाबाई. तीन आठवडे माझ्या अंगणात बांधलेली आहे, पण अशी कुणाच्या मांडीवर मान टाकून पडलेली मी पाहिली नाही. सोडा दावं आणि न्या वडूजला. फक्त एक सांगतो, राग मानू नका. ही अस्सल कारवानी जातीची शिकारी कुत्री नव्हे.

बयाबाई : काय म्हनालासा?

सुभेदार : मिश्र आहे. रूप आहे, ते कोण नाकारतो? तोंड निमुळतं, छाती खोल, कंबर दोन पंज्यांत मावेल अशी. त्यावरच तर आमचा कारभारी केरबा भुलला आणि बाजारातून घेऊन आला. पण जात नुसत्या रूपात नसते. पलटणीत आमच्या कर्नलसाहेबांच्या तीन कारवानी माझ्या हाताखाली होत्या. परक्याचा हात अंगाला लागू द्यायच्या नाहीत.

बयाबाई : ही बी देत न्हाई. तुमच्या मनगटाला फडकं कशाचं हाय, सांगा की.

सुभेदार : हिच्याच दातांचं. पहिल्या दिवशी पाठीवरून हात फिरवायला गेलो.

बयाबाई : मग? तुमी सुभेदार हायसा, तिला काय ठावं.

सुभेदार : हसा. आमच्या घरातली मंडळीही हसतात.

अर्जुना : आक्का, ऊन चढाय लागलंय. गावली न्हवं कुत्री? चल आता.

सुभेदार : हे कोण, फाटकाबाहेर?

बयाबाई : माजा धाकटा भाऊ, अर्जुना. काल सकाळपास्नं संगं चालतोय. आत येत न्हाई, पाय मळल्यात म्हनतो. अर्जुना, दम खा जरा. साहेब आपल्या पाखरीला मिश्र म्हनत्यात. माजं धनी असतं तर हितंच चार दिस बसून ऱ्हायलं असतं. आवं, हिची आय, आयची आय, समद्या आमच्याच मेंढरांच्या वाड्यावर जल्मल्या. जतकडच्या धनगराकडनं आनलेली जात हाय. परक्या हातची भाकरी खाईत न्हाई. उपाशी ऱ्हाती.

सुभेदार : ते खरं. माझ्याकडे चार दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. शेवटी भाकरी ठेवून आम्ही सगळी घरात गेलो, दार लावून घेतलं, तेव्हा खाल्ली.

बयाबाई : मग अजून काय पायजे तुमाला?

सुभेदार : ऐका तर. केरबा सध्या गावी गेलाय, नाहीतर त्याच्याच तोंडून ऐकवलं असतं. म्हसवडच्या बाजारात विकणाऱ्यानं हिचा जबडा उघडून दात दाखवले. कान उलटे केले. मग सरळ उचलून आमच्या गाडीत ठेवली. आणि ही गुरगुरली का? केरबा म्हणतो, त्या माणसाच्या काखेत तोंड खुपसून बसली. सोडायलाच तयार नव्हती. आता सांगा. चोरीचं जनावर, म्हणजे विकणारा चोर परकाच. एकाला काख आणि दुसऱ्याला दात, असा दोन तऱ्हेचा स्वभाव मिश्र रक्तातच असतो.

बयाबाई : काखंत?

सुभेदार : काखेत.

बयाबाई : कसा व्हता त्यो मानूस?

सुभेदार : चेहरा दिसला नाही म्हणे. पटक्याचा शेव तोंडावर घेतलेला. धुळीचा वारा सुटला होता.

अर्जुना : आक्का, मिश्र म्हनत्यात तर म्हनू दे की. आपल्याला काय शर्यतीत पळवायची हाय? इतक्या पिढ्यांची जात, कुटंतरी मिसळ झाली आसंल. व्हय म्हन आन् चल.

बयाबाई : तू म्हनतोस, मिसळ झाली?

अर्जुना : झाली आसंल, म्हनतोय.

बयाबाई : त्या दिशी मी वड्याला पान्यावर गेलते. वाड्यावर तू व्हतास. तूच सांगितलंस, दोन परकी मानसं आली, भाकरीचा तुकडा टाकला, ती खाली मुंडी घालून खाया लागली, तवा फास टाकून वढून न्हेली. तू वड्यापतुर मागं पळालास. टाचंत मोडलेला काटा मी सोताच काढला तुज्या.

अर्जुना : मग खोटं व्हय?

बयाबाई : भाकरी खाल्ली म्हनालास. मी तवा इचार केला न्हाई. रडत व्हते.

सुभेदार : बयाबाई, जाऊ द्या. मी उगीच जातीचा वाद काढला.

बयाबाई : न्हाई साहेब, बरं काढलासा. हिला हात लावनारी आमच्यात तीनच मानसं. त्यातलं धनी गेल्या सालच्या शिमग्याला गेलं. अर्जुना, आत ये.

अर्जुना : मी हितंच बरा हाय.

बयाबाई : ऱ्हा तर तितंच. मी दावं सोडते.

(पाखरी उठते, अंग झाडते आणि दावं धरलेल्या बयाबाईला ओढत सरळ फाटकाकडे जाते. फाटकाशी उकिडव्या बसलेल्या अर्जुनाच्या काखेत तोंड खुपसते. त्याचा हात आपोआप तिच्या कानामागे जातो.)

सुभेदार : अस्सल आहे. चूक माझी झाली.

अर्जुना : आक्का, तुज्यासाठीच केलं मी.

बयाबाई : व्हय?

अर्जुना : एकली बाई, रानात मेंढरामागं. धनी गेल्यापास्नं किती सांगितलं, मेंढरं मोड, माज्या घरी ये. ऐकलंस? ही जवर व्हती तवर तू ऐकनार नव्हतीस.

बयाबाई : ही गेली आन् लांडगा तीनदा वाड्यात शिरला. तिसऱ्या खेपंला मी दगडं मारत उभी व्हते, तवा तू आलास. म्हनालास, बघ आक्का, कुत्रं न्हाई तर मेंढरं कशी राखशील. लढाई चालू हाय, पलटनीच्या ठेकेदाराला मटनाला पायजेत, दिऊन टाकू. दसऱ्याला मेंढरं द्यायचा सबूद दिला मी. तुज्या शानपनावर डोळं झाकून.

अर्जुना : घरात सुकानं ऱ्हायली असतीस. पोरं आत्या आत्या करत्यात.

बयाबाई : करत्यात. माजा बी जीव हाय पोरांवर. पन मला इचारायचं व्हतं रं. मी न्हाई म्हनले असते, तू भांडला असतास, चार म्हयनं आपून बोललो नसतो. त्येवढंच झालं असतं.

अर्जुना : चुकलं.

बयाबाई : घोंगडीवाल्यानं सांगितलं, साताऱ्यात लालासाहेब सुभेदारांच्या दारात तुजी कुत्री बघितली. मी पयल्यांदा पळत तुज्याकडंच आले. दुसऱ्या कुनाकडं जानार? सगळ्या वाटंनं तू म्हनत आलास, आक्का, ती नसंल, दुसरीच आसंल, जिवाला लावून घेऊ नगंस. पुसेगावात मी दमून बसले, तर कुटनं तरी तांब्याभर पानी आनून दिलंस. त्या पान्याचंच लय वाईट वाटतंय मला.

अर्जुना : मारलंस तरी चालंल, आक्का.

बयाबाई : लहानपनी मारलं तेवढं पुरं.

सुभेदार : बयाबाई, फौजदार कचेरीत माझी ओळख आहे. तुम्ही म्हणाल तर...

बयाबाई : नगं साहेब. एका आयच्या पोटची आमी. तिला खाली मान घालाय लावू नगा, ती वर गेली तरी. अर्जुना, ठेकेदाराला जाऊन सांग, मेंढरं मिळनार न्हाईत.

अर्जुना : सांगतो. दावं दे हिकडं, लय वढतीय ती. मी धरतो.

बयाबाई : ती तुज्याकडंच वढनार. तिला कोन सांगनार, काय झालं ते? सोड तिला. पाखरे, चल.

सुभेदार : थांबा. या उन्हात पायी जाऊ नका. पुसेगावपर्यंत आमची गाडी येईल, पुढचं पुढं बघा. गड्याला जुंपायला सांगतो. किती जण बसणार आहात?

बयाबाई : आमी दोघीच.