बिंगोची प्रमुख

कुत्र्याचा परवाना काढायला क्लिफर्ड नगरपालिकेच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढेच चर्चमधल्या दोघी म्हाताऱ्या, आर्डिथ आणि वर्ना.

“अगं वर्ना, बिंगोची प्रमुख म्हणून सगळ्यांनी मलाच निवडलं! लॉर्नानं तर दोन्ही हात वर केले.”

“लॉर्नानं? तुझ्याशी अबोला धरलाय ना तिनं?”

“माणसाची किंमत उशिरा कळते गं.”

“कळली असेल बाई! मीसुद्धा केला की हात वर. गेल्या हिवाळ्यात दर शनिवारी आकडे जुळवून बक्षीस तूच जिंकत होतीस ना?”

“नशीब लागतं त्याला.”

“पुढचे या!” खिडकीतला कारकून म्हणाला. त्यानं आर्डिथचा परवान्याचा अर्ज वाचला. “चर्चच्या नव्या हीटरसाठी बिंगो? प्रमुख कोण?”

“मी. आर्डिथ!”

“नियम ठाऊक आहे ना, आजी? प्रमुखाला स्वतः खेळता येत नाही.”

वर्नाला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

आर्डिथनं उचललेलं पेन खाली ठेवलं.

“आणि मदतनीसांना?”

“त्यांनाही नाही.”

“किती नेमता येतात?”

“तुम्हाला लागतील तेवढे.”

“मग लिहा. पहिली लॉर्ना. आणि दुसरी ही, खोकतेय ती.”