काळे दाणे

रखमाजी : खळ्यात पाय ठेवू नको, सत्यशीला. जे बोलायचं ते बांधावरून बोल.

सत्यशीला : बांधावरूनच बोलते, बापू. बाजरीची पोती गाडीत टाकू नका, तेवढंच सांगायला आले.

रखमाजी : महिन्यामागं माझी विहीर बंद केलीस. आता गाडी बंद करायला आलीस?

सत्यशीला : विहिरीचं आधी सांगते. ते माझं चुकलं.

रखमाजी : काय म्हणालीस?

सत्यशीला : चुकलं म्हणाले. आमच्या वस्तीत अकरा घरांतल्या लोकांना चक्कर आली, उलट्या झाल्या. मला वाटलं, पाण्यानंच झालं. तुमच्या गड्यानं कपाशीच्या फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुतला व्हता, ते मी डोळ्यानं पाह्यलं व्हतं. म्हणून वसंता मास्तराकडून अर्ज लिहून घेतला. पण पाण्यात काही न्हवतं.

रखमाजी : ते मला तू सांगायची गरज न्हाई. तालुक्याच्या माणसानं बाटली भरून नेल्ती, त्यानंच कळवलं. पण तंवर आठ दिवस माझी विहीर कुलपात. बैलं नदीवर न्यावी लागली, मिरची वाळून गेली. अन् गावभर काय झालं? रखमाजीनं बौद्धवाड्याच्या पाण्यात विष कालवलं. घनसावंगीच्या सोयऱ्यांनी निरोप पाठवला, खरं काय हाये म्हणून. त्या सगळ्याची भरपाई तू दोन शब्दांत करून राह्यली.

सत्यशीला : नुसतं इथं न्हाई. काल चावडीवर बी सांगितलं, सगळ्यांसमोर. तुमी तीर्थपुरीला गेल्ते.

रखमाजी : बहात्तरच्या दुष्काळात तुमचा आड आटला, तवा गावात कोणी पाणी दिलं? मी दिलं. आजवर देऊन राह्यलो. त्याची ही फेड.

सत्यशीला : दिलं. वरून वतून दिलं, दोरीला हात न लावू देता. दोन्ही गोष्टी ध्यानात हायेत.

रखमाजी : तोंड लई चालतं तुझं. झालं ना चुकलं म्हणून? जा आता.

सत्यशीला : न्हाई झालं. पाण्यात न्हवतं, तर मंग कशात व्हतं? लोकं तर पडलेच. बेबीनंदा चुलीपुढंच चक्कर येऊन पडली, तिचा हात कोपरापर्यंत भाजला. अजून चिंधी बांधून फिरून राह्यली.

रखमाजी : मी काय डॉक्टर हाये?

सत्यशीला : तुमच्या बाजरीत व्हतं. मजुरीला दिली त्या हायब्रीड बाजरीत.

रखमाजी : अगं, बाहेर ये. ऐक, ही बाई काय म्हणती. आधी विहीर, आता बाजरी. उद्या म्हणंल, रखमाजीच्या शेतावरून वारा आला अन् आमी मेलो.

सगुणाबाई : मी इथंच पाखडून राह्यले. सगळं ऐकू येतं.

रखमाजी : तुझ्याकडं सबूत काय, सत्यशीला? का या वेळी बी कोणी पंप धुतला?

सत्यशीला : त्या वेळी मी एकच गोष्ट पाह्यली अन् धावले. या वेळी आधी घरोघर विचारलं. आमच्या वस्तीतल्या कडूबाच्या घरी सात माणसं. तुमच्याच विहिरीचं पाणी प्यायली. एकाला बी काही झालं न्हाई. का? तर त्याच्या लेकीच्या सासरहून, टेंभुर्णीहून ज्वारी आल्ती. ते सगळे ज्वारीच खात व्हते.

रखमाजी : कडूबाचं घर दणकट असंल.

सत्यशीला : मला बी तसंच वाटलं. एका घरावरून कसं म्हणायचं? मंग शेजारच्या नंदाबाईकडं गेले. तिच्या घरी सासू अन् ती दोघीच पडल्या. नवरा न्हाई पडला. तो तवा कारखान्यावर ऊसतोडीची बोली करायला गेल्ता, जेवायला बाहेर. तो घरी आला, दोन दिवस घरची भाकर खाल्ली अन् तो बी पडला. तवा विहिरीला कुलूप लागून तीन दिवस झाल्ते.

रखमाजी : हे सगळं तू मोजत बसलीस?

सत्यशीला : एकदा चुकले व्हते ना.

रखमाजी : मंग मला सांग, दरसाल बाजरी खाता. याच साली काय झालं?

सत्यशीला : तेच मी आठ दिवस डोक्यात घोळवलं. बाजरी ताटात वतून बसले. तिच्यात काळे दाणे दिसले, लांबट, उंदराच्या लेंड्यांवानी. एका शेरात मूठभर निघाले. अन् मंग आठवलं. भादव्यात बाजरी फुलावर असताना झड लागली व्हती. आमी पाखरं राखायला व्हतो, तर कणसावर मधावानी थेंब आल्ते. हात चिकट व्हायचे. तुमाला दाखवले बी व्हते मी.

रखमाजी : दाखवले असतील. मला तेवढाच धंदा न्हवता.

सत्यशीला : त्याच कणसांत पुढं दाण्याच्या जागी हे काळं भरलं. आमच्या वस्तीतली चतुराबाई म्हणाली, काळं दिसतं म्हणून विषारी थोडंच असतं? तिचं बराबर व्हतं. म्हणून खाऊन पाह्यलं.

सगुणाबाई : काय खाल्लं?

सत्यशीला : दोन दिवस निवडलेल्या बाजरीची भाकर. काही झालं न्हाई. तिसऱ्या दिवशी काळे दाणे दळून पिठात मिसळले. दुपारी उलटी, डोळ्यापुढं अंधार, नुसती झोप यायला लागली. दोन दिवस सोडलं. परत खाल्लं. परत तेच.

सगुणाबाई : बाई, घरात लेकरं हायेत ना तुझी?

सत्यशीला : त्यांना नंदाबाईकडं झोपवलं. त्यांना खाऊ घालून थोडंच पाहणार?

रखमाजी : अन् तुझ्या उलटीवर मी विश्वास ठेवावा. का? उपाशीपोटी बी माणूस वकतं. इथं नऊ पोती हायेत, उद्या तीर्थपुरीचा बाजार. माझं नाव सगळ्या बाजारात जाईल, कारण सत्यशीलेला मळमळलं.

सत्यशीला : माझ्यावर ठेवूच नका. तुमीच पाहा. एक घमेलं पाणी अन् मीठ द्या.

रखमाजी : मीठ कशाला? दृष्ट काढती का बाजरीची?

सत्यशीला : नऊ पोती हातानं निवडून व्हणार न्हाईत. काळे दाणे हलके असतात. पण साध्या पाण्यात टाकले तर निम्मे वर येतात, निम्मे बुडतात. दोन दिवस मी त्याच्यातच अडकले. चतुराबाई म्हणाली, पाण्यात मीठ वाढव, खाऱ्या पाण्यात बुडणारं बी वर येतं. मिठाची अक्कल तिची हाये, माझी न्हाई.

रखमाजी : माझ्या खळ्यात तमाशा न्हाई करायचा.

सगुणाबाई : पाणी मी आणते.

रखमाजी : तू बस तिथं.

सगुणाबाई : घमेलंभर पाण्यानं काय बिघडतं? मीठ किती घालू, सत्यशीला?

सत्यशीला : अंडं तरंगंल इतकं.

सगुणाबाई : आमच्यात अंडं येत न्हाई.

सत्यशीला : मंग बटाटा टाका. बुडला तर अजून मीठ घाला. वर आला की बस करा.

(सगुणाबाई घमेल्यात मीठ ढवळते. बटाटा वर येतो. ती सुपातली बाजरी त्यात ओतते आणि हात फिरवते. पाण्यावर काळी साय धरल्यासारखे दाणे जमतात.)

सगुणाबाई : आई गं. इतके?

सत्यशीला : अन् खालची पाहा. चांगली, भरलेली.

रखमाजी : तरंगले. बरं. पाण्यावर काटकी बी तरंगते, भुसा बी तरंगतो. तरंगलं म्हणजे विष झालं का?

सत्यशीला : न्हाई झालं.

रखमाजी : मंग?

सत्यशीला : तुमचं बराबर हाये. पाण्यानं दाणे वेगळे कसे काढायचे तेवढंच कळतं. विषाचं माझ्या खाण्यावरून म्हणते. ते तुमाला पटत न्हाई, तर माझ्याकडं दुसरं काही न्हाई.

रखमाजी : मंग सरक बाजूला. शिवाजी बैलं जुंपायला आला की मी पोती भरणार. अन् एक ध्यानात ठेव, हे बाजारात कोणाच्या कानावर गेलं, तर तुमच्या वस्तीतल्या एका बी माणसाला माझ्या रानात काम मिळणार न्हाई.

सगुणाबाई : मी खाल्ली व्हती.

रखमाजी : काय?

सगुणाबाई : घरात ज्वारीचं पीठ सरलं व्हतं. तुमी सोयऱ्यांना समजवायला घनसावंगीला गेल्ते. म्हटलं, एकलीसाठी काय, मजुरांना देतो तीच बाजरी दळावी. भाकर खाल्ली अन् दिवस मावळायच्या आत दोनदा वकले. खांब धरून उभी राह्यले, तर खांब बी फिरून राह्यला व्हता.

रखमाजी : तुला पित्त झाल्तं.

सगुणाबाई : पित्त तुमी म्हणाले. मी काहीच म्हणाले न्हवते.

सत्यशीला : बाई, त्या दिवशी पाणी कुठलं प्यायल्या?

सगुणाबाई : नदीचं. विहिरीला कुलूप व्हतं ना तवा. पाचवा दिवस व्हता.

सत्यशीला : म्हणजे विहिरीचा थेंब पोटात न्हवता, अन् तरी...

रखमाजी : कळलं मला. मला समजावू नको.

सत्यशीला : बरं.

रखमाजी : महिनाभर तू हे पोटात ठेवलं? माझ्याच घरात?

सगुणाबाई : तवा काय म्हणणार? मला तरी कुठं माहीत व्हतं कशानं झालं. अन् त्या दिवसांत तुमी विहीर सोडून दुसरं काही ऐकत न्हवते.

रखमाजी : अन् सत्यशीला, तू हे बाजरीचं काल चावडीवर काढलं?

सत्यशीला : न्हाई. तिथं विहिरीचंच बोलले. बाजरीचं आधी तुमाला सांगायचं व्हतं.

रखमाजी : मोठे उपकार केले.

सत्यशीला : उपकार न्हाई. पहिल्या वेळी तुमाला न विचारता अर्ज दिला. विचारलं असतं तर तुमीच सांगितलं असतं, की त्याच विहिरीचं पाणी तुमचं घर बी पितं. तेवढ्यावर मी थांबले असते.

रखमाजी : नऊ पोती धुवायची म्हणजे मीठ किती लागंल?

सत्यशीला : खारं पाणी फेकायचं न्हाई. वरचं काढून घ्यायचं, त्याच पाण्यात पुढची बाजरी. पण मंग साध्या पाण्यानं दोनदा धुऊन उन्हात वाळवावी लागंल. न्हाईतर बुरशी धरंल.

रखमाजी : अन् ते काळं?

सत्यशीला : खोल पुरायचं. जनावरापुढं बिलकुल टाकायचं न्हाई.

रखमाजी : या झडीत सगळ्यांच्याच बाजरीला चिकटा आल्ता. मच्छिंद्रानं तर कालच चार पोती विकली. खाली नदीकाठच्या गावांत बी हीच बाजरी हाये.

सत्यशीला : म्हणूनच सांगायला पाहिजे.

रखमाजी : तू सांगून कोणी ऐकणार न्हाई.

सत्यशीला : ते माहीत हाये.

रखमाजी : म्हणजे मी सांगायचं. की रखमाजीनं मजुरांना खराब बाजरी दिली, अन् लोकं पडली तवा उलट त्यांच्यावरच डाफरला.

सगुणाबाई : तसंच घडलं ना.

रखमाजी : तू गप बस. शिवाजी आला तर त्याला म्हणावं, बैलं सोड. आज गाडी जाणार न्हाई.

सगुणाबाई : सांगते.

रखमाजी : सत्यशीला.

सत्यशीला : काय, बापू?

रखमाजी : काल चावडीवर किती माणसं व्हती?

सत्यशीला : चावडीपुढच्या पारावर जागा न्हवती इतकी.

रखमाजी : चुकलं म्हणालीस तवा हसली?

सत्यशीला : हसली.

रखमाजी : मंग तू काय केलं?

सत्यशीला : हसणं थांबेस्तोवर उभी राह्यले. मंग अर्धं राह्यलेलं वाक्य पुरं केलं.