क्लचवरचा पाय

मंडळी, ऐका! आज कीर्तनात पहिला प्रश्न तुम्हालाच. वस्तू जुनी झाली, खायला जास्त लागली – की द्यायची का भंगारात? बोला की! मागची मंडळी तर माना डोलवायला लागली. जपून हं! पोरं शेजारीच बसलीत, उत्तर ध्यानात ठेवतील!

तर पाटणकडच्या डोंगरात एक द्वारकाबाई होती. दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. नवरा वारलेला. दारात जुनी डिझेल गाडी. पण बाई स्वतः चालवायची! बाजार, लग्नकार्य, माहेर – मनात आलं की निघाली. कुणाची मिंधी नाही.

मुलगा संग्राम, पुण्याला. सुट्टीला आला आणि म्हणाला, "आई, ही गाडी डिझेल खात नाही, ढोसते! भंगारात दे आणि चल माझ्याकडं. तिथं तुला काय कमी आहे?"

काय कमी? मंडळी, चौथ्या मजल्यावर बसून दुसऱ्याच्या सवडीनं बाहेर पडायचं – हे बाईला मरणाहून जड! ती उसळली, "गाडी गेली की माझे पाय गेले! बोल, किती अॅव्हरेज दिला तर गप्प बसशील?"

"लिटरला पंधरा."

"देऊन दाखवते. नाही दिला तर किल्ली तुझ्या हातात. पुढच्या सुट्टीला ये!"

बोलली तर खरं! पण गाडी देते किती, हे तिला तरी कुठं ठाऊक? आपली सगळ्यांची रीत काय? पंपावर जायचं, काच खाली करायची – "पाचशेचं टाक!" टाकी कधी भरायची नाही, म्हणजे हिशोबच नको! पेटीवाले, हसताय काय? तुमचीही मोटरसायकल तशीच चाललीय!

बाईनं टाकी तोंडापर्यंत भरली. मीटरवरचा आकडा बघितला, आठवडाभर गाडी फिरवली, परत तोंडापर्यंत भरली. भागाकार केला. आणि आला किती? नऊ!

बाई पंपावरच कडाडली. "डिझेलमध्ये भेसळ आहे! रस्ता फुटलाय! इंजिन म्हातारं झालंय!" सगळ्यांना दोष देऊन झाला. एक माणूस तेवढा राहिला – कोण ते सांगायला पाहिजे का?

परतीच्या वाटेवर शेजारीण शेवंता बाजूला बसलेली. ती म्हणाली, "अगं द्वारके, रागावू नको, पण तुझा डावा पाय कुठं असतो गं?"

बाईनं खाली बघितलं. पाय क्लचवर! गिअर टाकून झाला, गाडी सरळ रस्त्याला लागली, तरी पाय तिथंच. "घाट आहे बाई, कधी लागेल सांगता येतं का?" म्हणून ठेवलेला. इंजिन ओढतंय पुढं, आणि पाय घेतोय अर्धा जोर काढून! डिझेल जळणार नाही तर काय होईल?

मग बाई स्वतःच्याच मागं लागली. दारोदार गाडी सुरू ठेवून गप्पा मारायची – का? तर बंद केली आणि परत सुरू नाही झाली तर? ते बंद केलं. चाकांत हवा भरली. धुळीनं गच्च झालेला एअर फिल्टर बदलला. शेवटी राहिलं टपावरचं कॅरिअर. लोखंडी, हे भलं मोठं! नवऱ्यानं भजनी मंडळाच्या पखवाज-पेटीसाठी बसवलेलं. तो गेल्यापासून रिकामं, नुसतं वारा अडवत होतं. बाईचा हात जाईना. रडली. आणि रडत रडत नट सोडले. परसात ठेवलं, त्यावर दुधीचा वेल चढवला.

संग्राम आला. त्याला शेजारी बसवलं, आणि परत तोच हिशोब, तोच पंप. भरता भरता नळी खट् करून थांबली. संग्रामनं मोबाईलवर भागाकार केला आणि ओरडला, "आई, सोळा! जिंकलीस!"

आता कोणी काय केलं असतं? पेढे! पण ही बाई म्हणाली, "थांब. मागच्या वेळी तोंडापर्यंत भरली होती. हा वर आलाय तो फेस आहे." पंपवाल्याला म्हणाली, "गाडी हलव, फेस बसू दे, आणि भर!" भरत गेला, भरत गेला... अॅव्हरेजचा आकडा उतरला. साडेचौदा!

"आई, कशाला गं? मला कळलंही नसतं!"

"मला कळलं असतं." बाईनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मान ताठ. "शब्द म्हणजे शब्द. गाडी ने. पण मी पुण्याला येणार नाही. एसटीनं हिंडेन, नाहीतर पायी हिंडेन!"

संग्रामनं किल्ली घेतली. स्टिअरिंगवर बसला, आईला शेजारी घेतलं, निघाला. पहिलं वळण गेलं, सरळ रस्ता लागला – आणि बाईनं त्याच्या गुडघ्यावर फाडकन चापट मारली. "पाय काढ क्लचवरून!"

पोरानं गाडी बाजूला घेतली. खाली उतरला, दार उघडून उभा राहिला. "चालव, आई. ही तुलाच जमते. किल्ली आतच आहे."

मंडळी, भंगार काय होतं? गाडी? आई? का ती सवय? म्हातारपण आलं म्हणून खुशाल लोक तुम्हाला कोपऱ्यात ढकलतील – ढकलू देऊ नका! पण "वय झालं, काळ वाईट, देव पावत नाही" असं म्हणायच्या आधी एकदा खाली बघा. देवाकडं निघालो म्हणता, टाळ वाजवता, आणि एक पाय अजून भांडणावर, एक पाय भावकीच्या बांधावर! गाडी पळेल कशी?

वाजवा टाळ, म्हणा विठ्ठल! आणि म्हणता म्हणता – पहिल्या ओळीतले पाटील, तुम्ही सुद्धा – काढा तो पाय!